वादीच्या वाटेने अल खर्जला

शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५. रियाध

आज सायकलवरून पडले. चालत्या सायकलवरून पडले असते तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. मी उभ्या सायकलवरून पडले. एक पाय पेडलवर ठेवला, दुसरा उचलायच्या आत सायकलने माझ्यासकट अंग टाकलं. बिल्डिंगचा राखणदार तोंड फिरवून हसला.

हा सगळा नबीलाचा उद्योग. डॉक्टरांनी मला शुगरसाठी चालायला सांगितलं, मी चालले नाही, म्हणून लेकीने थेट सायकल आणून उभी केली. जुनी आहे, पण चांगली आहे. तिच्या ओळखीतल्या कोणीतरी अल खर्जहून पाठवलीय म्हणे. शंभर किलोमीटरवरून फुकट सायकल पाठवतात, असे सहकारी हिला ऑफिसात भेटतात तरी कसे! आमच्या ह्यांना पंचवीस वर्षांत कुणी साधं स्टेपलर दिलं नाही.

वर तिचा बेत असा की, डिसेंबरात तीन दिवस वादीच्या काठाने सायकलवरून जायचं. वादी म्हणजे इथलं नदीचं खोरं. बाकीच्या वाद्या पाऊस पडला तरच वाहतात, पण आमच्या वादी हनीफाच्या खालच्या अंगाला शहराचं शुद्ध केलेलं पाणी सोडतात, त्यामुळे तिथे बारमाही धार असते. काठाने पायवाट आहे, खजुरांचे मळे आहेत, गाड्या नाहीत. "अम्मी, इट्स सो पीसफुल!" म्हणे.

मी त्रेपन्न वर्षांची बाई. श्रीवर्धनला भाऊ सायकल चालवायचे तेव्हा मी मागे कॅरियरवर बसायचे, तेवढाच माझा अनुभव. नाही म्हणून सांगितलं.

(हे सगळं मी बिनधास्त लिहिते, कारण आमच्या घरात मराठी वाचणारी मी एकटी. ह्यांचं शिक्षण उर्दूत, नबीलाचं इंग्रजीत. वही टेबलावर उघडी पडली तरी चालते.)

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मी सहलीला जाणार आहे!

कारण असं झालं. ह्यांचे जुने मित्र सिराजुद्दीनभाई अल खर्जला असतात. आज त्यांचा फोन आला. तिथल्या मोठ्या डेअरीवर गुरांचा डॉक्टर आहे, इमाद नावाचा. मूळचा म्हसळ्याचा, आईवडील इथेच, समुद्राकडच्या जुबैल शहरात. वय तीस, सिगारेट नाही, मान खाली घालून बोलतो. "भाभी, नबीलासाठी बघा," म्हणाले. आजवर सिराजुद्दीनभाईंनी कुणाचं लग्न जमवल्याचं मी ऐकलं नव्हतं. अचानक सुचलं बिचाऱ्यांना.

अडचण नबीलाची आहे. तीन स्थळं तिने न बघताच परत पाठवली. "मी ट्रे घेऊन बाहेर येणार नाही," हे एकच पालुपद. सव्वीस वर्षांची झाली. बागा आखायचं काम करते, दुसऱ्यांच्या बागा. मला रात्री झोप लागत नाही ते तिला कळत नाही. तिकडे माझ्या बहिणीची मेहनाज, जुबैलची, तिने स्वतःच मुलगा ठरवला आणि घरी नुसतं कळवलं. मी त्या लग्नाला गेले नाही. अजून फोनही केलेला नाही. आईबापांनी शोधायचं, मुलांनी हो म्हणायचं, यात वाईट काय आहे?

तर माझी योजना अशी. ट्रे नाही तर नाही. सायकलवरून अल खर्जला जायचं, मुक्काम सिराजुद्दीनभाईंकडे, आणि जेवायला 'सहज' इमाद. नबीलाला पत्ताही लागणार नाही.

संध्याकाळी तिला म्हटलं, "येते मी. पण वाट अल खर्जपर्यंत जाते का बघ."

ती म्हणाली, "जाते. मी तिथपर्यंतचाच प्लॅन केलाय."

मी मागायच्या आधीच! नशीब साथ देतं तेव्हा असं देतं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज मी सायकल चालवली. खरोखर. कुणी मागून धरलेलं नसताना.

नबीला पहाटे मला वादीतल्या बागेत घेऊन गेली. सायकलसाठी वेगळा अबाया, म्हणजे अंगभर झगा, मिळतो, आतून पायजम्यासारखा शिवलेला, तो तिने आणला होता. घातल्यावर मी फुग्यासारखी दिसते, पण चाकात काही अडकत नाही. विद्यालाही बरोबर घेतलं. विद्या आमच्या वरच्या मजल्यावर राहते, नाशिकची. नवरा एका कंपनीत इंजिनियर. माझ्याशी मराठीत भांडायला या शहरात ती एकटीच आहे, म्हणून मला ती सख्ख्या बहिणीहून जवळची. तिला सायकल लहानपणापासून येते. ती पुढे जाऊन ओरडत होती, "भाभी, चाकाकडे बघू नका, लांब बघा!"

लांब बघितलं. खजुरांच्या शेंड्यांवर ऊन आलं होतं, पाण्यात दोन बगळे उभे होते. ते बघता बघता लक्षात आलं की नबीलाचा आवाज फार मागून येतोय.

"अम्मी, तू एकटीच चालवतेयस!"

हे ऐकलं आणि पडले. पण आधी चालवली.

परत येताना नबीला विद्याच्या कानात काहीतरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या. माझ्या पडण्यावर असणार.

बुधवार, १० डिसेंबर

उद्या निघायचं. सामान हे गाडीतून पुढे नेणार आणि रोज संध्याकाळी मुक्कामावर भेटणार. ह्यांना सायकलवर बसा म्हटलं तर म्हणाले, "मी बिर्याणी सांभाळतो."

मला भीती वाटतेय. पडायची नाही. इमाद नबीलाला आवडला नाही तर? आवडला आणि तिला माझा डाव कळला तर? शुगर तपासली, वाढलीय. खजूर खाल्लेला नाही, म्हणजे काळजीचीच असेल.

गुरुवार, ११ डिसेंबर. वादीतला पहिला मुक्काम

पाय माझे राहिलेले नाहीत. पण लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

सकाळी निघालो तेव्हा हवेत चक्क गारठा होता. वर शहर, पुलांवरून गाड्यांचा धो धो आवाज, आणि खाली आम्ही तिघी, जणू घराच्या तळघरात दुसरंच घर सापडावं. दोन्ही बाजूंना पिवळ्या खडकाच्या भिंती. मधून पाणी दगडांच्या बांधावरून खळाळत उतरतं. जरा पुढे गेल्यावर पूलही संपले, आणि मग कानाला नुसती चाकांची कुरकुर. सत्तावीस वर्षं मी या शहरात आहे. माझं रियाध म्हणजे गाडीच्या काचेतून दिसतं तेवढं: ह्यांच्या शेजारची सीट, एसी, सिग्नल. या वाटेला वासही आहे हे मला माहीत नव्हतं. ओल्या मातीचा, बाभळीचा, कुणाच्या तरी चुलीवरच्या खुबुस रोटीचा.

उतारावर मी ब्रेक सोडले. मुद्दाम. तोंडातून आवाज निघाला, कसला ते सांगता येणार नाही. विद्या म्हणाली, "भाभी, शिट्टीच राहिली आता!"

दुपारी एका बाभळीखाली भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी खाल्ली. विद्या शुक्रवार सोडून कधीही मासे खाते, तिचं गणित मला कळत नाही.

मुक्काम एका इस्तिराहात आहे. सुट्टीसाठी भाड्याने मिळणारं शेतातलं घर. नबीलाने ठरवलं होतं. राखणदार दारात येऊन म्हणाला, "या, या, डॉक्टरांचे पाहुणे!" आणि भाड्याचं नावच काढलं नाही. नबीला लगेच म्हणाली, "त्याचा गैरसमज झालाय." मी तिला डोळ्यांनी दटावलं. गैरसमजातून चांगली खोली मिळत असेल तर कशाला दुरुस्त करायचा? विद्याला मात्र जोराचा ठसका लागला.

शुक्रवार, १२ डिसेंबर. दुसरा मुक्काम

आजचं कसं लिहू?

अकराच्या सुमाराला वाट पाण्यातून पलीकडे जात होती. घोट्याएवढं पाणी, खाली दगडी फरशी. नबीला गेली, मी सायकल हातात धरून गेले. विद्या सायकलवरून आली आणि शेवाळावर घसरली. पाय खाली सापडला. बाहेर काढला तेव्हा घोटा बघता बघता सुजला. विद्या कधी रडत नाही. ती रडत होती.

फोनला रेंज नाही, दोन्ही बाजूंना कडे. नबीलाला प्रथमोपचार येतात, म्हणून ती विद्याजवळ थांबायला हवी होती. उरलं कोण?

"अम्मी, पुढे एक मळा आहे. पाचेक किलोमीटर. वाट एकच आहे, चुकणार नाहीस."

"मी एकटी?"

तिने माझ्याकडे बघितलं. लहानपणी ती शाळेच्या बसमध्ये चढताना मी तिच्याकडे असंच बघायचे. "तू जाशील, अम्मी."

गेले. काय सांगू, पहिला अर्धा रस्ता मी फक्त कुराणातली आयतुल कुर्सी म्हणत होते. मग चढ लागला आणि श्वास पुरेना, तेव्हा मनातल्या मनात म्हटली. सगळ्या खोऱ्यात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. या देशात आल्यापासून मी कुठेही एकटी गेलेली नाही, कोपऱ्यावरच्या बकाल्यात, किराणा दुकानात सुद्धा नाही. कुणी अडवलं नव्हतं. गेले नव्हते एवढंच.

मळ्याचं फाटक बंद. जुम्म्याची वेळ, सगळे पुरुष मशिदीत. फाटक वाजवलं, कुत्री भुंकली. मी फाटक सोडलं नाही. शेवटी आतून एक म्हातारी आली. बुरखा, हातात पाण्याची नळी, माझ्याहून वीस वर्षांनी तरी मोठी. मी माझी बाजारातली अरबी सगळी एकदम ओतली: मैत्रीण, पाय, पाणी, सायकल.

ती सायकलकडे बघत राहिली. "ही तू चालवलीस? तू?"

"हो."

"नवरा कुठे आहे?"

"गाडीत. बिर्याणीपाशी."

बाई इतकी हसली की बुरखा हलला. उम्म सालेह तिचं नाव. मग तिने नळी टाकली, खिशातून किल्ली काढली, माझी सायकल एका हाताने उचलून पिकअपच्या मागे टाकली आणि म्हणाली, "यल्ला!" ती गाडी काय हाणत होती! मी सायकलवर घाबरले नव्हते तेवढी त्या पिकअपमध्ये घाबरले.

आणि पोचून बघतो तर तिथे आधीच एक पांढरी गाडी उभी, आणि एक मुलगा विद्याच्या घोट्याला पट्टी बांधतोय.

"अस्सलामु अलैकुम, आंटी. मी इमाद. अल खर्जच्या डेअरीवर गुरांचा डॉक्टर आहे."

तोच! अल्लाहने माझी योजना उद्याऐवजी आजच घडवून आणली!

हा आला कसा, असं मी विचारलं. नबीला म्हणाली, ती कड्यावर चढली तिथे रेंज मिळाली, अब्बांचा फोन नमाजामुळे बंद होता, म्हणून डेअरीच्या इमर्जन्सी नंबरवर केला. आणि तो जवळच्याच मशिदीत होता. अल खर्जमध्ये इतक्या मशिदी सोडून जुम्म्याला एवढ्या लांब येतो म्हणजे कामाचा माणूस दिसतो. गायींना इमर्जन्सी नंबर असतो हेही मला आजच कळलं.

पट्टी सुरेख बांधली. हाड मोडलेलं नाही, मुरगळलंय. उम्म सालेहने त्याला आपादमस्तक न्याहाळलं, मग नबीलाला न्याहाळलं, आणि माझ्या दंडाला चिमटा काढून अरबीत म्हणाली, "मुबारक." तिलाही जोडा शोभतो असं वाटलं असणार. बायकांची नजर!

त्याने थर्मासमधून मला चहा दिला. वेलचीचा, बिनसाखरेचा. चेहऱ्यावरून शुगर ओळखली. डॉक्टर तो डॉक्टर.

शनिवार, १३ डिसेंबर. अल खर्ज

विद्या आज ह्यांच्या गाडीत, पाय वर करून, बिर्याणीच्या शेजारी. शेवटचा टप्पा आम्ही मायलेकीच निघालो.

खोरं इथे रुंद होत जातं. कडे लांब सरकतात, दोन्हीकडे हिरवी गवताची शेतं. नबीला माझ्या शेजारून चालवत होती. रस्त्यावर कोणीच नसल्यामुळे दोघींना शेजारी शेजारी जाता येत होतं. घरात आम्ही अशा शेजारी कधी असतो? ती कॉम्प्युटरसमोर, मी ओट्यासमोर.

एकदा म्हणाली, "अम्मी, मला तुझ्याशी काहीतरी बोलायचंय."

मला वाटलं, दमली असेल, थांबू म्हणेल. म्हटलं, "बोलू नकोस, श्वास जातो. चढ येतोय."

ती पेडल मारत राहिली.

सिराजुद्दीनभाईंकडे रात्री इमाद जेवायला आला. मी नबीलाला त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसवलं, फार शिताफीने. दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हती. फक्त एकदा नबीलाने न विचारता त्याच्या ताटातली मिरची उचलून बाजूला ठेवली. मला जरा भीड वाटली, पण म्हटलं, चला, सुरुवात तर झाली.

ह्यांना रात्री विचारलं, "मुलगा कसा वाटला?"

"चांगला आहे," म्हणाले आणि कूस वळवून झोपले. पुरुषांना अशा गोष्टींत रस नसतो. सगळं मलाच जमवावं लागतं.

शुक्रवार, २६ डिसेंबर. रियाध

इमादचे आईवडील जुबैलहून आले. मी खाजे तळले, शेवया केल्या, नबीलाचा ट्रे मीच घेऊन गेले. त्याची आई फार गोड बाई. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "दोन वर्षं झाली आमच्या घरात नबीला, नबीला चाललंय. तुम्ही हो म्हणाल की नाही याचीच धास्ती होती. पोरांनी शेवटी तुम्हाला सायकलवर बसवलं म्हणे!"

मी हसले. बशी खाली ठेवली. स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

ते गेल्यावर ह्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"रमजानपासून."

"सिराजुद्दीनभाईंना?"

ह्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"विद्याला?"

म्हणजे वरच्या मजल्यापासून अल खर्जपर्यंत सगळ्यांना. इस्तिराहाच्या राखणदारालाही. मी एकटीच.

रविवार, २८ डिसेंबर

नबीलाशी बोलले नाही. जेवण वाढलं.

शुक्रवार, २ जानेवारी २०२६

पहाटे कुणाला न सांगता सायकल काढली आणि वादीत गेले. बिल्डिंगचा राखणदार आज हसला नाही, फाटक उघडून बाजूला झाला.

धुकं होतं. पहिल्या बांधाशी पोचले तोच मागून चाकांचा आवाज आला. वळून बघायची गरज नव्हती.

बराच वेळ ती मागेच राहिली. मग शेजारी आली.

"अम्मी, रागावलीस?"

"हो."

"मी थांबू? परत जाऊ?"

"रागावूनही सायकल चालवता येते. चल."

थोडं अंतर गेल्यावर मीच विचारलं, "इमाद चांगला मुलगा आहे. मी शोधायला गेले असते तरी असाच शोधला असता. मग मला का नाही सांगितलंस?"

"मेहनाजचं बघितलं ना मी." ती इंग्रजीत नाही, हिंदीत नाही, आमच्या घरच्या बोलीत बोलत होती, अडखळत. "तू तिच्या लग्नाला गेली नाहीस. आजपर्यंत तिचं नाव घेत नाहीस. मला वाटलं, मी सांगितलं तर तू मला पण तसंच... तू नाही म्हणाली असतीस, अम्मी?"

खोटं बोलता आलं असतं. "म्हणाले असते," मी म्हटलं.

"मग?"

"मग काय! इतकी सगळी माणसं कामाला लावलीस. मला घाबरून?"

"घाबरून सुरू केलं. पण नंतर... त्या दिवशी तू एकटी गेलीस ना मदत आणायला, मी कड्यावरून तुला बघत होते. छोटीशी दिसत होतीस. थांबलीच नाहीस. मला तेव्हाच सांगायचं होतं सगळं. दुसऱ्या दिवशी सांगायला गेले तर तू म्हणालीस, श्वास जातो."

हसू आलं मला, रागातसुद्धा. मग मीही सांगून टाकलं: माझी योजना, मान खाली घालून बोलणारा मुलगा, शिताफीने ठेवलेली खुर्ची. ती सायकल थांबवून वाटेवरच बसली आणि पोट धरून हसली. "म्हणजे आपण दोघी एकमेकींना फसवून एकाच घरी घेऊन गेलो?"

"तुझं सैन्य मोठं होतं. माझ्याकडे मी एकटी."

उन्हाची तिरीप आली तेव्हा मी बांधावर बसून मेहनाजला फोन लावला. इतक्या सकाळी. तिने लगेच उचलला, घाबरून. "खाला? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. तुझ्या नवऱ्याचं नाव काय गं? मला नीट माहीतच नाही."

तिने नाव सांगितलं. मग ती सांगत सुटली. मी ऐकत राहिले. नबीला माझ्या खांद्यावर डोकं टेकून पाण्याकडे बघत होती. फोन ठेवला तेव्हा उन्हं चांगली वर आली होती.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, जुबैलला इमादच्या घरी होकार कळवा. राग मात्र अजून थोडा शिल्लक आहे. ह्यांच्यावर जास्त, विद्यावर त्याहून जास्त. असू दे. उद्या सायकलने वादीच्या वरच्या धरणापर्यंत जायचं म्हणतेय, तिकडे चढ फार आहे. तेवढा राग उपयोगी पडेल.